जुन्या गाडीचे पाणी कुठे जाते

जुन्या गाडीचे इंजिन गरम होणे आणि रेडिएटरमधले पाणी कमी होणे या दोन तक्रारी गॅरेजमध्ये बहुधा जोडीनेच येतात. कधी पाणी कमी झाले म्हणून इंजिन तापलेले असते, तर कधी इंजिन तापले म्हणून पाणी उकळून बाहेर पडलेले असते. यातले आधी काय घडले एवढे कळले तरी निम्मे निदान झाले. बीड जिल्ह्यात वर्षानुवर्षे जीप, टेम्पो आणि ट्रॅक्टर उघडणाऱ्या मेस्त्रींना हे पक्के ठाऊक असते. तरीही घाईच्या दिवसांत ही पायरी सुटते, चांगला रेडिएटर बदलला जातो, शाबूत वॉटर बॉडी काढून टाकली जाते आणि गाडी आठ दिवसांत पुन्हा दारात येऊन उभी राहते.

या बिघाडाला पोषक असे सगळे या जिल्ह्यात आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. बालाघाटाची रांग जिल्हा आडवा कापते, त्यामुळे बीडहून सोलापूरकडे निघाले की मांजरसुंब्याचा घाट लागतो आणि माजलगावकडून केजकडे जायचे तर धारूरचा. बीड शहराला रेल्वे मिळाली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. तोपर्यंत माणसे आणि माल रस्त्यानेच जात होता, आणि तो वाहणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीप, जुने टेम्पो, पिकअप शक्य तितकी वर्षे ताणून वापरल्या गेल्या. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, हंगामभर राबतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मार्चअखेरीस गॅरेजपुढे लागणाऱ्या रांगेत गरम होणाऱ्या गाड्यांचा भरणा असतो तो यामुळेच.

इंजिनात जळलेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक-तृतीयांश कामी येते, तेवढीच धुराबरोबर निघून जाते आणि उरलेल्यातली बहुतेक पाण्याला बाहेर न्यावी लागते. वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, हे पाणी ब्लॉक आणि हेडमधून फिरवतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडून ते रेडिएटरकडे सोडतो, तिथल्या जाळीत पंख्याच्या आणि समोरून येणाऱ्या हवेने ते निवते आणि पुन्हा आत जाते. या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे रेडिएटरचे झाकण. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमध्ये दाब सांगतो. बीड समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे, तिथे उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. ०.९ बारचे झाकण घट्ट बसले असेल तर तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कुकरच्या शिट्टीखाली जे घडते तेच इथे घडते. निम्मे कूलंट मिसळले तर आणखी सात-आठ अंशांची सवलत मिळते. झाकणाचे रबर कडक झाले की ही वीसेक अंशांची सवलत पूर्ण जाते, आणि एरवी ठणठणीत असलेली गाडी घाटाच्या मध्यावर उकळू लागते.

निदान नेहमी गाडी थंड असताना आणि चालकाला बोलते करून सुरू करावे. पाणी रोज जाते की फक्त घाटात? रात्रभर उभ्या गाडीचेही कमी होते का? काटा चढतो तो चालू करताच, बाजारातल्या गर्दीत, की मोकळ्या रस्त्यावर वेग घेतल्यावर? गर्दीत तापणारी आणि रस्त्याला लागली की निवणारी गाडी पंख्याकडे बोट दाखवते: पट्टा ढिला आहे, पंख्याचा क्लच निकामी आहे किंवा विजेच्या पंख्याचा रिले गेला आहे. गावात बरी चालणारी पण वेगात किंवा चढावर तापणारी गाडी बहुधा तुंबलेल्या रेडिएटरची असते. चालू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा वर गेला तर थर्मोस्टॅट अडकलेला असतो, पंपाची पाती झिजलेली असतात किंवा आत हवा कोंडलेली असते. ही सगळी माहिती चालकाजवळ असते. ती कोणी विचारत नाही म्हणून तो सांगत नाही, आणि मेस्त्री तपासाचा सर्वांत स्वस्त भाग गमावून बसतो.

चालकाशी बोलून झाले की आधी झाकण आणि त्याला जोडलेली बाटली पाहावी. एका जुन्या मोटारीचे उदाहरण यासाठी बोलके आहे. दोन गॅरेजांत मिळून तिचा रेडिएटर बदलला गेला, वॉटर बॉडीही बदलली, तरी पाणी कमी होतच राहिले. तिसऱ्या ठिकाणी ती रात्रभर तशीच उभी ठेवली. सकाळी झाकण उघडले तर रेडिएटर चार बोटे रिकामा आणि शेजारची प्लास्टिकची बाटली मात्र काठोकाठ भरलेली. पाणी तापून फुगते तेव्हा झाकणाची स्प्रिंग दाबून बाटलीत जाते आणि गाडी निवताना झाकणातल्या छोट्या व्हॉल्व्हमधून परत ओढले जाते. या गाडीत ते जात होते, पण परत येत नव्हते, कारण बाटलीकडे जाणाऱ्या वीतभर पाइपला बारीक चीर होती आणि पाण्याऐवजी हवा ओढली जात होती. गाडीला पाइपचा तुकडा आणि नवे झाकण एवढेच हवे होते. याच्या उलटही होते. तो छोटा व्हॉल्व्ह बंद अवस्थेत चिकटला तर गाडी निवल्यावर वरचा होज पाइप आत ओढला जाऊन चपटा होतो. चपटा पाइप दिसला की पाइप बदलण्याआधी झाकण बदलून पाहावे. झाकण जुन्यावरच्याच आकड्याचे घ्यावे. जास्त दाबाचे झाकण बसवले तर जुन्या रेडिएटरचे सांधे उकलतात.

झाकण निर्दोष ठरल्यावर बाहेरची गळती शोधायची. कूलंट जिथून झिरपते तिथे वाळून हिरवा, गुलाबी किंवा पांढरट डाग सोडते. नुसते पाणी असेल तर तांबूस ओघळ दिसतो. होज पाइपच्या क्लिपा, रेडिएटरच्या जाळीचा आणि टाकीचा सांधा, तळाचा कॉक, ब्लॉकच्या बाजूला ठोकलेले पत्र्याचे गोल प्लग ही नेहमीची ठिकाणे. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला तर थेंब नेमका कुठे पडतो ते सकाळी कळते. काही गळत्या फक्त थंडीत होतात. पहाटे रबर आकसते, क्लिप सैल पडते आणि पाणी टपकते. इंजिन तापले की पाइप फुगून तीच गळती बंद होते. दुपारी आणलेल्या गाडीत ती सापडणे शक्य नसते. इंजिनाच्या तापल्या अंगावर पडणारा थेंब तर जागीच वाफ होतो आणि जमिनीवर काहीच दिसत नाही. म्हणून झाकणाच्या जागी हातपंप बसवून थंड गाडीत झाकणावरच्या आकड्याइतका दाब द्यावा आणि दहा-पंधरा मिनिटे काटा पाहत बसावे. काटा उतरला आणि बाहेर कुठे ओल नाही, तर पाणी इंजिनाच्या आत किंवा केबिनमधल्या हीटरमध्ये जाते आहे. हीटर गळत असेल तर पायाखालची मॅट ओलसर लागते आणि काचेवर आतून चिकट, धुरकट थर बसतो.

वॉटर बॉडीच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र असते, त्याविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. पंपाचे सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या छिद्रातून बाहेर यावे, यासाठीच ते ठेवलेले असते. तिथून ओघळ आला म्हणून एम-सील भरून छिद्र बुजवण्याची रीत अजून चालते. ती घातक आहे. कोंडलेले पाणी बेअरिंगचे ग्रीस धुऊन काढते, बेअरिंग सैल होते आणि पंख्यासकट पंप डुगडुगू लागतो. धावत्या गाडीत तो पंखा जाऊन रेडिएटरच्या जाळीत घुसला की शे-पाचशेच्या सीलवर भागणारे काम काही हजारांवर जाते.

सर्वांत जास्त दिवस लपून राहणारा बिघाड हेड गॅस्केटचा. ग्राहक येतो आणि म्हणतो, “मिस्तरी, गाडी पाणी खातीय, पण खाली थेंब नाही.” प्रवासी वाहतुकीच्या एका जुन्या जीपची कथा याच वाक्याने सुरू झाली होती. चालक रोज सकाळी बाटलीभर पाणी ओतून निघत असे आणि महिनोन्‌महिने गाडी चाललीही. जीप नेहमी दुपारी, गरम अवस्थेत दाखवली जाई आणि काहीच सापडत नसे. शेवटी ती रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून पहाटे तपासली. झाकण लावून इंजिन चालू केले आणि वरच्या होज पाइपला हात लावला, तर मिनिटभरात पाइप दगडासारखा कडक. पाणी अजून थंड होते, म्हणजे हा दाब तापून फुगलेल्या पाण्याचा नव्हता. सिलिंडरमधला वायू गॅस्केटच्या फटीतून पाण्यात शिरत होता. इंजिन बंद करून दाब सोडला, झाकण काढून पुन्हा चालू केले तेव्हा एकसारखे बुडबुडे येऊ लागले, ॲक्सिलरेटर दाबला की ते वाढत, आणि पाण्याला धुराचा वास होता. इंजिन थांबले की मार्ग उलटा होई आणि दाबाखालचे पाणी सिलिंडरमध्ये झिरपे. चालू करताना सायलेन्सरमधून पहिली काही मिनिटे येणारा पांढरा धूर चालकाने थंडीचा समजून सोडून दिला होता.

अशा गाडीत एक धोका असतो. रात्रभरात सिलिंडरमध्ये पुरेसे पाणी साचले तर सकाळी स्टार्टर एक झटका देऊन अडतो. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे धक्का मारून किंवा पुन्हापुन्हा स्टार्टर मारून जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून आधी पाणी बाहेर काढावे लागते.

ऑइलच्या पट्टीवर दुधट, चिकट थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये मिसळते आहे असे समजावे आणि गाडी तिथेच थांबवावी. तशा ऑइलवर चालवलेल्या इंजिनाच्या बेअरिंगा फार काळ टिकत नाहीत. उलट रेडिएटरच्या पाण्यावर ऑइलचा तवंग असेल, तर गॅस्केटला दोष देण्याआधी ऑइल कूलर पाहावा. ज्या इंजिनांत तो पाण्यावर चालतो तिथे तो फुटल्यावर नेमके हेच चिन्ह दिसते, आणि हेड उगाच उघडले जाते.

हेड उघडलेच तर नवी गॅस्केट टाकून बंद करणे पुरेसे नसते. एकदा चांगली तापलेली गाडी असेल तर हेड वाकलेले असण्याची शक्यता मोठी, विशेषतः ॲल्युमिनियमचे. सरळ पट्टी ठेवून तिच्याखाली फीलर गेज सरकवून पाहावा, ०.१ मिलिमीटरची फटही बहुतेक इंजिनांना चालत नाही. वाकलेले हेड लेथवर फेसिंगला द्यावे लागते आणि त्याच वेळी तडा आहे का तेही दाबाखाली तपासून घ्यावे. काही डिझेल इंजिनांच्या गॅस्केट वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात आणि कडेच्या खाचांवरून जाडी ओळखली जाते. जुनी फेकण्याआधी खाचा मोजून ठेवाव्यात. बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळावेत. पान्याला पाइप लावून अंदाजाने आवळलेले हेड काही महिन्यांत पुन्हा फुंकते, आणि दोष मात्र गॅस्केटच्या कंपनीला दिला जातो.

पाणी मुळीच कमी होत नाही आणि तरी गाडी तापते, ही तक्रार ट्रॅक्टरची अधिक. ऊस वाहणारा ट्रॅक्टर कमी वेगात जास्तीत जास्त भार ओढतो, त्याला समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. हंगामाहून परतलेल्या अशाच एका ट्रॅक्टरचा रेडिएटर उतरवून आतून रॉड मारून साफ केला होता, तरी तो तासाभरात तापायचा. रेडिएटर आतून स्वच्छच होता. जाळीच्या बाहेरच्या पात्यांत पाचटाचा भुसा, धूळ आणि ऑइलचा चिकटा यांचा थर बसला होता. समोरून पाहिले तर जाळी ठीक दिसे. मागून बल्ब धरल्यावर निम्म्याहून अधिक भागातून उजेडच पार येईना. अशी जाळी इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवावी. सर्व्हिसिंगच्या मशीनचा जोरदार फवारा जवळून मारला तर नाजूक पाती आडवी होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. घासणारे ब्रेक, सरकणारा क्लच आणि चुकीच्या वेळी डिझेल सोडणारा पंप हेही इंजिन तापवतात. रेडिएटरभोवती सगळे ठीक असेल तर तपास तिकडे न्यावा.

गाडी तापते म्हटले की थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला प्रत्येक चौकात मिळतो. उन्हाळी प्रदेशात त्याची गरज काय, असे त्यामागचे म्हणणे. हा सल्ला चुकीचा आहे. थर्मोस्टॅटविना इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त जळते, ऑइलमधली ओल उडून जात नाही आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याची मागची चकती आतला आडमार्ग बंद करते. तो काढला की आडमार्ग कायम उघडा राहतो, बरेचसे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो पातेल्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवावे. पाणी उकळण्याच्या बऱ्याच आधी तो उघडू लागला पाहिजे आणि निवल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. नाही उघडला तर नवा टाकावा.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर जुनी गाडी चालवणारे सगळे विसंबतात, पण त्याला एक मर्यादा आहे. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच तो खरे सांगतो. धारूरच्या चढावर एका टेम्पोचा होज पाइप फुटला. काटा आधी लालवर गेला आणि मग झपाट्याने खाली आला. गाडी निवली असे समजून चालक पुढे निघाला. सेन्सरभोवती पाणीच उरले नव्हते, तो कोरड्या पोकळीतले तापमान दाखवत होता. थोड्याच अंतरावर इंजिन सीज झाले. पाणी किंवा कूलंट न घालता लालवरचा काटा अचानक खाली येणे हे सुटकेचे नव्हे, संकटाचे चिन्ह आहे. त्या क्षणी इंजिन बंद करावे.

घाटात काटा नुसता चढू लागला आणि पाणी बाहेर पडत नसेल, तर एसी बंद करून खालचा गिअर घ्यावा, म्हणजे पंखा आणि पंप जोरात फिरतात. हीटर असेल तर तो पूर्ण सुरू करावा, केबिन भट्टी झाली तरी इंजिनाची काही उष्णता तिकडे जाते. वाफ दिसली तर थांबावे. झाकण अर्धा-पाऊण तास उघडू नये. दाब सुटताच ११० अंशांचे पाणी एकदम उसळते आणि तोंड, छाती, हात भाजतात. गॅरेजच्या कामात भाजण्याचे बरेच अपघात असेच होतात. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतले तर हेडला तडा जातो, म्हणून निवल्यावरच, इंजिन चालू ठेवून, थोडे थोडे घालावे. रेडिएटरच्या बारीक छिद्रासाठी हळद टाकण्याचा जुना उपाय गावापर्यंत पोचवतो हे खरे. पण ती हळद पुढे जाळीच्या नळ्यांत आणि हीटरमध्ये जाऊन बसते, त्यामुळे गॅरेजला आल्यावर मेस्त्रीला तसे सांगून सगळे धुऊन घ्यावे.

आता पाण्याविषयी. जिल्ह्यातले बोअरचे पाणी बेसाल्टच्या थरांतून येते आणि त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. तापल्यावर ते घट्ट पांढरा थर होऊन बसतात, आणि बसतात ते नेमके जिथे उष्णता सर्वाधिक तिथे, सिलिंडरभोवती आणि हेडच्या अरुंद वाटांत. पाणी वाफेवाटे जाते तेव्हा क्षार मागे उरतात, आणि त्या जागी ओतलेले बोअरचे पाणी नवे क्षार आणते. म्हणजे रोज बाटलीभर पाणी ओतून चालवलेली गाडी रोज थोडी जास्त तुंबत जाते. २०१३च्या फेब्रुवारीत जिल्ह्यातल्याच परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. तशा वर्षांत रेडिएटरला चांगले पाणी मागणार कोण? टँकरचे, हौदाचे, मिळेल ते ओतले जाते. मात्र आता बहुतेक मोठ्या गावांत जारचे पाणी मिळते. त्यात क्षार कमी असतात, त्यामुळे अडीअडचणीला ते बोअरपेक्षा कितीतरी बरे. उत्तम ते बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, निम्मे-निम्मे. बर्फ पडत नाही तिथे कूलंट कशाला, असे विचारले जाते. त्याचे इथले मुख्य काम गंज रोखण्याचे आणि उत्कलनबिंदू वाढवण्याचे आहे, आणि त्यातला गंज रोखण्याचा गुण साधारण दोन-तीन वर्षांत संपतो. वेगवेगळ्या जातींची कूलंट एकत्र केली तर काही वेळा साका धरतो, म्हणून रंगावर न जाता डब्यावरची जात वाचावी.

भरताना गाडीचे तोंड उंचावर ठेवावे, हीटरचा कॉक उघडावा, थंड इंजिन झाकण काढून चालू करावे आणि थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी घालत राहावे. कोंडलेल्या हवेचे बुडबुडे काही मिनिटांत थांबतात, फुंकलेल्या गॅस्केटचे थांबत नाहीत. हा फरक न पाहता हेड उघडले गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना पातळी पुन्हा पाहावी आणि पुढचे आठ दिवस रोज पाहावी. पातळी स्थिर राहिली तरच दुरुस्ती पूर्ण झाली असे म्हणावे.

काढलेले जुने कूलंट गॅरेजच्या दारात घमेल्यात उघडे ठेवू नये की नालीत सोडू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात फिरणारी कुत्री, शेळ्या, गुरे ते पितात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, चिठ्ठी लावून, लहान मुले आणि जनावरे यांच्या आवाक्याबाहेर ठेवावे.